एक दात, चार मथळे

(मालगुंड इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मालगुंडात येऊन केशवसुतांचं नाव न घेता बोलायचं, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवता परत यायचं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. केशवसुतांची जन्मतारीख काय? काही पुस्तकांत १५ मार्च १८६६ छापलेली आहे, काहींत ७ ऑक्टोबर १८६६. माणूस जेमतेम दीडशे वर्षांपूर्वीचा, याच गावचा, घर अजून उभं. तरी तारखेपुढे प्रश्नचिन्ह आहेच. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो प्राणी सहा कोटी साठ लाख वर्षांच्या पलीकडचा आहे. त्याचं घर तर नाहीच, अंगही उरलेलं नाही. उरलेत ते दात. आणि त्या दातांवरून तुमच्या-माझ्या पायाखालच्या दगडाचं वय ठरवायला मदत झाली. ती कशी झाली, आणि त्यात कुठे विश्वास ठेवावा नि कुठे हात आखडता घ्यावा, एवढंच बोलायचं आहे.

आधी एक कबुली. मी भूशास्त्राचा माणूस नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. पण समीक्षकाला एक सवय असते, मजकूर समोर आला की तो कसा बांधलाय ते बघायची. संशोधकांचे निबंध हासुद्धा मजकूरच. त्यांना मथळा असतो, त्यात शब्द निवडलेले असतात, कुठे प्रश्नचिन्ह असतं, कुठे ते गाळलेलं असतं. मी चार निबंधांचे मथळे घेऊन आलोय. त्यातल्या तिघांच्या मुळाशी एकच मासा आहे.

माशाचं नाव इग्डाबॅटिस. ‘बॅटिस’ म्हणजे ग्रीक भाषेत पाकट. म्हणजे आपल्याकडची पाकट जशी चपटी, पंख पसरलेली, तशा कुळातला हा मासा. हे एका जातीचं नाव नव्हे, वंशाचं नाव आहे, जातीच्या वरच्या पायरीचं. आज हा वंश जगात कुठेही जिवंत नाही.

आता अंग का उरलं नाही? तुम्ही मोरीचं मटण खाता. (हशा) त्यात काटा लागतो का? नाही. मुशी, मोरी, पाकट, या सगळ्यांच्या अंगात हाड नसतं, कूर्चा असते. आपल्या नाकाच्या शेंड्याला, कानाच्या वरच्या कडेला हाताला लागते, तीच. कूर्चा कुजते, मऊ पडते, निघून जाते. दात मात्र टणक. शिवाय हे मासे आयुष्यभर दात टाकत राहतात आणि नवे येत राहतात. एक मासा मेला तर एक सांगाडा. पण एक पाकट जगली तर ढीगभर दात. म्हणून कूर्चेच्या माशांचा बहुतेक इतिहास हा दातांचा इतिहास आहे. सगळा ग्रंथ हरवला आणि फक्त विरामचिन्हं सापडली, असं काहीतरी.

या कुळातल्या माशांचे दात मुशीसारखे टोकदार नसतात. चपटे, एकमेकांना चिकटून बसलेले, ओटीवर शहाबादी फरशी घालावी तसे. काम काय? शिंपले फोडायचे. तुम्ही तिसऱ्या उकळून उघडता, तो मासा त्या जबड्यातच भरडतो.

या वंशाला नाव दिलं फ्रान्समधल्या मोंपेलियेच्या आंरी कापेता यांनी, १९७२ साली, आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या दातांवरून. आज नायजरला समुद्रच नाही, तिथे सहारा आहे. पण क्रिटेशस काळाच्या शेवटी समुद्र तिथपर्यंत आत आला होता. ज्या थरात हे दात मिळाले तो थर क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या टप्प्याचा. त्या टप्प्याला मास्ट्रिख्टियन म्हणतात, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावावरून. साधारण सात कोटी वीस लाख ते सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा काळ. डायनोसॉरांचा शेवटचा अंक म्हणा.

आता नायजर सोडून आपल्या दगडाकडे येऊ.

इथे सड्यावर जांभा आहे, त्याच्या खाली काळा फत्तर. हा काळा फत्तर म्हणजे लाव्हा. दख्खन ट्रॅप. एकावर एक थर, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आता लाव्हात जीवाश्म मिळत नाही, कारण त्यात पडलेलं जळून जातं. पण एक लाव्हा थंड झाला आणि दुसरा यायला वेळ लागला, तर मधल्या काळात तळी साचायची, गाळ बसायचा, बेडूक, गोगलगाई, मासे राहायचे. मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. दोन भाकऱ्यांच्या मधे चटणी राहावी तसा हा मधला गाळ. त्याला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरातल्या बेडकाला रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली नाव दिलं होतं.

नागपूरजवळ टाकळीला असे थर आहेत. तिथे काम केलं स्टीफन हिस्लॉप यांनी. हो, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. मिशनरी म्हणून आले, दगड वेचायला लागले. १८६३ साली पुराच्या ओढ्यात वाहून गेले. त्यांचा १८६० सालचा निबंध हा माझा पहिला मथळा. मराठीत असा होईल: ‘ईस्ट इंडीजमधल्या ट्रॅप खडकांशी निगडित टर्शरी निक्षेप’. टर्शरी म्हणजे डायनोसॉर गेल्यानंतरचा काळ.

हा मथळा नीट ऐका. त्यात वय हे विशेषण झालं आहे. ‘हे निक्षेप टर्शरी आहेत का?’ असा प्रश्न नाही. ‘टर्शरी निक्षेप’, झालं. आपण ‘थोर कवी’ म्हणतो ना, तसं. विशेषण लावलं की वाद संपला. हिस्लॉप यांच्यासमोर मुख्यतः गोगलगाई होत्या, आणि त्या त्यांना तशा वाटल्या. पुढे बिरबल सहानींसारख्या मोठ्या वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञानेही झाडांच्या अवशेषांवरून टर्शरीचीच बाजू घेतली. विरुद्ध बाजूही होती, ब्लॅनफर्ड वगैरे क्रिटेशस म्हणत होते. शंभर वर्षं हे चाललं. पुढे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने दगडाचंच वय मोजायला लागले, तर उत्तरं आली आठ कोटींपासून तीन कोटींपर्यंत. पंचांगात मुहूर्त बघायला गेलो आणि गुरुजींनी सांगितलं, चैत्र ते फाल्गुन कधीही करा. (हशा)

दुसरा मथळा १९८६ चा. लेखक सहा: व्हँसाँ कूर्तियो आणि त्यांचे सहकारी, त्यात आपले कापेताही. मथळा असा: ‘क्रिटेशस-टर्शरी सीमेवरचे दख्खनचे लाव्हाप्रवाह?’ शेवटी प्रश्नचिन्ह.

माझ्या मते या निबंधातलं सर्वांत मोलाचं अक्षर ते आहे, आणि ते अक्षरही नाही.

काळ लक्षात घ्या. १९८० साली आल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडलं होतं की डायनोसॉर उल्कापाताने गेले. सगळं जग त्या बाजूला वळलेलं. मेक्सिकोतलं विवर अजून ओळखलं गेलं नव्हतं, ते १९९१ मध्ये. अशा वेळी ही मंडळी म्हणतात, थांबा, त्याच सुमाराला भारतात प्रचंड लाव्हा ओतत होता, आणि तोही थोड्या काळात, कोट्यवधी वर्षांत नव्हे. एवढा मोठा दावा. त्याला आधार तीन. एक, दगडाचं मोजलेलं वय. दोन, चुंबकत्व. तीन, इग्डाबॅटिसचा दात.

चुंबकत्वाचं थोडं सांगतो, कारण दाताचं खरं काम तिथे कळतं. लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून थिजतात. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, उत्तर दक्षिण होते. म्हणून जगभरच्या खडकांत सुलट-उलट-सुलट असे पट्टे आहेत. दख्खनमध्ये बहुतेक जाडी उलट्या पट्ट्याची, खाली-वर सुलट. पण असे पट्टे इतिहासात कितीतरी वेळा आलेत. नुसतं ‘उलटा पट्टा’ म्हणणं म्हणजे ‘कोकणात नारळाच्या बागेतलं कौलारू घर’ असा पत्ता देणं. पोस्टमनने काय करायचं? इथे दात येतो. दात गाव सांगतो: मास्ट्रिख्टियन. मग त्या गावात उलट्या पट्ट्याचं घर शोधायचं. तरी त्या गावातही उलटा पट्टा एकच नाही. म्हणजे सगळं मिळूनसुद्धा ‘बहुधा हेच घर’ असं म्हणावं लागतं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे नुसती विनयाची पद्धत नव्हे. पुरावा जिथे संपतो, नेमक्या तिथे ते बसवलं आहे.

आता टीका. मी कौतुक करायलाच आलेलो नाही.

दाताचा युक्तिवाद असा: हा वंश नायजरमध्ये मास्ट्रिख्टियन थरात मिळतो, तो भारतात मिळाला, म्हणून भारतातला थर मास्ट्रिख्टियन. ऐकायला पक्कं वाटतं. पण हा वंश फक्त मास्ट्रिख्टियनमध्येच होता हे कशावरून? तर तो दुसरीकडे मिळालेला नाही यावरून. म्हणजे न मिळणं हा पुरावा झाला. उद्या सीमेच्या वरच्या थरात एक दात मिळाला, तर लगेच दोन अर्थ लावता येतील: एक, मासा त्या संकटातून वाचला, दोन, तो थरच अजून जुना आहे. कोणता घ्यायचा हे दात सांगणार नाही. शिवाय नाव देणारे कापेता आणि भारतातला दात ओळखणारेही कापेता. यात वाईट काही नाही, दातांच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणकार कोण मिळणार होता? पण जो कवितेचा संपादक, तोच तिचा पहिला समीक्षक असला, तर आपण दुसरं मत मागतो की नाही?

दुसरं मत पुढे आलं, हे सांगितलं पाहिजे. नंतर आर्गॉनची मोजणी सुधारली. २०१५ आणि २०१९ साली युरेनियम-शिसे पद्धतीने झिरकॉनच्या बारीक स्फटिकांवरून वयं काढली गेली. ती दाताची साक्ष न घेता काढलेली आहेत, आणि ती सहा कोटी साठ लाखांच्या आसपासच येतात. म्हणजे वयाबद्दल दात खरं बोलला. त्याचं वर्तुळ इतरांनी बाहेरून तोडलं, म्हणून तो टिकला. स्वतःच्या बळावर टिकला असता की नाही, मला शंका आहे.

तिसरा मथळा, १९९३. लेखक गुंटुपल्ली प्रसाद आणि कापेता. ‘भारतातील उत्तर क्रिटेशस कूर्चामत्स्य आणि दख्खन ट्रॅपचे वय’. हा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण यात माशाला स्वतःचं नाव मिळालं: इग्डाबॅटिस इंडिकस. दात आले आसिफाबादहून. नकाशा आठवा: चंद्रपूर जिल्हा, राजुरा, जिवती, आणि पलीकडे लगेच तेलंगणातलं आसिफाबाद. त्या सीमेवर अशी गावं आहेत की दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात, आणि लोक मराठी बोलतात. आपल्या प्रदेशातला मासा म्हणायला मला काही हरकत वाटत नाही. दोन्ही राज्यांनी दावा केला तरी चालेल. (हशा)

या मथळ्यात जोर कशावर आहे? ‘आणि’वर. मासे आणि वय. १९८६ मध्ये मासा साक्षीदार होता, बोलावलं, साक्ष घेतली, घरी पाठवला. १९९३ मध्ये त्याची नीट चौकशी झाली. दात कसा आहे, नायजरच्या जातीहून वेगळा कुठे, सोबत कोण आहे. ऱ्होम्बोडस नावाचा दुसरा एक पाकटीसारखा मासा सोबत आहे, तोही क्रिटेशसच्या शेवटाचा. एकाऐवजी दोन साक्षीदार आले की वर्तुळ थोडं सैल होतं.

पण याच दातांच्या गळ्यात आणखी एक ओझं बांधलं गेलं. समुद्राचं. तर्क असा: पाकटीच्या कुळातला मासा, म्हणजे खारं पाणी, आसिफाबाद आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, म्हणजे तिथपर्यंत समुद्र होता. नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांतून समुद्राचा फाटा आत आला असावा, ही कल्पना अशोक सहानी यांनी १९८०च्या दशकात मांडली. आता मला सांगा, पाकट जयगडच्या खाडीत येते की नाही?

(श्रोत्यांतून : येते की!)

किती आत?

(श्रोत्यांतून : भरतीबरोबर बरीच आत येते.)

झालं तर. ॲमेझॉनमध्ये तर पाकटींचं एक अख्खं कुळ गोड्या पाण्यात राहतं. म्हणजे दातावरून ‘समुद्र होता’ असं म्हणता येत नाही. फार तर ‘समुद्राकडे जाणारं पाणी होतं’ असं म्हणता येतं. माझं मत असं की या जागी वाचन मजकुराच्या पुढे गेलं. न्यायाने हेही सांगतो की २००९ साली गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी छिंदवाड्याजवळ झिलमिलीच्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं दाखवली. तेव्हा समुद्राची बाजू अगदीच हवेत नाही. पण तो थर सीमेनंतरचा आहे आणि ती साक्ष कवचांची आहे, आपल्या दाताची नव्हे. दुसऱ्याच्या साक्षीवर आपला माणूस सुटला, तर आपला वकील हुशार होता असं म्हणू नये.

चौथा मथळा १९९८ चा, स्पेनमधून. सोलेर-हिहोन आणि लोपेझ-मार्टिनेझ. पिरनीज पर्वताच्या दक्षिणेच्या तांबड्या थरांत त्यांना मुशी-पाकटींचे दात मिळाले आणि त्यात भारतावरून नाव पडलेली तीच जाती. मथळ्याच्या शेवटी लिहिलं: ‘भारत-युरेशिया संबंधाच्या खुणा’. इथे मी जरा अडखळतो. मासा पोहतो, मंडळी! किनाऱ्याकिनाऱ्याने, पिढ्यानपिढ्या, कुठल्या कुठे जातो. त्या वेळी भारत आणि युरोप यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, आणि माशाला समुद्र आडवा येत नाही, तो त्याचा रस्ताच असतो. शिंपले फोडायचं काम एकच असलं की दातही सारखे घडू शकतात; दातावरून जात ओळखताना ही भीती कायमची. तेव्हा खंड जोडलेले होते की नाही या प्रश्नात हा साक्षीदार मला कच्चा वाटतो. लेखकांनी ‘पुरावा’ न म्हणता ‘खुणा’ म्हटलं, तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवतो.

आता या सगळ्यात न दिसणाऱ्या माणसांबद्दल दोन वाक्यं. हे दात मिलिमीटरांत मोजायचे. कोणी कुदळ मारली आणि जबडा निघाला, असं होत नाही. गाळाचा दगड पोत्यांनी आणायचा, वाळवायचा, भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेला रवा सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडायचा. तांदळातले खडे निवडणाऱ्या आपल्या आया-आजींना हे काम मी समजावून सांगायची गरज नाही. चंदीगडला पंजाब विद्यापीठात अशोक सहानी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, जम्मूला प्रसाद यांनी ही चाळणी भारतात रुजवली. आणि गंमत बघा, अशोक सहानी हे बिरबल सहानींचे पुतणे. काकांनी झाडं बघून टर्शरी म्हटलं, पुतण्याच्या पिढीने रवा चाळून क्रिटेशसकडे काटा वळवला. घरातल्या घरात इतकं सभ्य मतभेदाचं उदाहरण मराठी साहित्यात मला तरी पटकन आठवत नाही. (हशा)

आणि आपण मराठीत काय केलं? सह्याद्रीवर किती ललित लेख आहेत. अग्नीतून जन्मलेला, काळाकभिन्न, राकट. दगड आहे, आग आहे, शिवराय आहेत. पण दोन लाव्हांच्या मधलं तळं नाही, त्यातली गोगलगाय नाही, पाकट तर नाहीच. आणि वय मात्र बिनधास्त: ‘साडेसहा कोटी वर्षांचा सह्याद्री’. मी स्वतः एका दिवाळी अंकात असं लिहिलंय, प्रश्नचिन्हाशिवाय. लाव्हाचं वय आणि डोंगराचं वय या दोन गोष्टी आहेत, हेही तेव्हा मला कळलं नव्हतं. लाव्हा तेव्हाचा, पण कडा नंतर झिजून झाला. हिस्लॉप यांच्या मथळ्यावर मघाशी हसलो, पण मीही विशेषणच लावून मोकळा झालो होतो.

कातळशिल्पांचंही तसंच. उक्षी, कशेळी इथली चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आनंद आहे. या सड्यांवरच्या आकृत्यांत पाकटही आहे. ज्या कातळाखालच्या लाव्हाचं वय पाकटीच्या दाताने सांगितलं, त्याच कातळावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी पाकट कोरली. मला ही गोष्ट फार आवडते. पण किती हजार, हे विचारलं की प्रत्येक जण छातीठोक आकडा सांगतो. कोरलेल्या रेघेत दात नसतो, मंडळी. तिथे तारीख लावणं इग्डाबॅटिसपेक्षाही अवघड आहे.

मला एवढंच बोलायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका ताई : सर, आम्ही पाकट कापतो तेव्हा तोंडाचा भाग टाकून देतो. त्यातले दात असेच असतात का?)

सगळ्या पाकटींचे नसतात, ताई. काहींचे दात अगदी बारीक, खरखरीत कागदासारखे. शिंपले फोडणारी जी जात, जिचं डोकं पुढे आलेलं असतं आणि पंख टोकदार, तिच्या तोंडात फरशी दिसेल. टाकू नका. उकळा, मांस सुटेल, प्लेट वेगळी होईल, ती उन्हात वाळवा. पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघू. आणि कुठल्या पाण्यात मिळाली ते कागदावर लिहून ठेवा: समुद्रात, की खाडीत, आणि किती आत.